आठ कोर असूनही कॉपी लावली की लिनक्स गोठतं: दोष कुठे शोधायचा

सांगली-साताऱ्याकडे फोटो स्टुडिओ, अकाउंटची ऑफिसं आणि घरी जुळवलेल्या मशीनवर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. प्रोसेसर आठ कोर-सोळा थ्रेडचा, रॅम १६ जीबी, एक छोटी एसएसडी आणि ४ टीबीची हार्ड डिस्क. एसएसडी लहान म्हणून होम फोल्डर हार्ड डिस्कवर. लिनक्स मिंट किंवा उबुंटू नीट बसतं, काही दिवस बरं चालतं. मग लग्नसराईत एखादं मोठं मेमरी कार्ड उतरवायला घेतलं की पहिले दोन-तीन जीबी झर्रकन जातात आणि तिथून पुढे माऊस अडखळतो, ब्राउझर करडा पडतो, कॉपीची पट्टी ९९ टक्क्यांवर येऊन तशीच राहते. दहा मिनिटांनी सगळं आपोआप सुटतं. दुसरं कार्ड लावलं की पुन्हा तेच.

यावर लोक आधी डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा प्रकार) बदलतात, मग रॅम वाढवतात. डिस्ट्रो बदलून सहसा काही होत नाही. रॅम वाढवली की त्रास उलट वाढतो, त्याचं कारण पुढे येईलच. प्रोसेसर दमलेला नसतो. तो डिस्कची वाट बघत बसलेला असतो. ही वाट का लांबते याची कारणं मोजकी आहेत आणि ती स्वस्तापासून महागाकडे अशा क्रमानेच तपासावीत. पुष्कळदा प्रकरण एका साटा (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या) केबलवर मिटतं आणि नवी डिस्क घ्यायची वेळच येत नाही.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच द्यायच्या. मोठं अक्षर लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

कोर सगळे जागे आहेत का

हे एका मिनिटात होतं, म्हणून आधी. टर्मिनलमध्ये "एनप्रॉक" द्या. आठ कोर-सोळा थ्रेडच्या मशीनवर १६ आकडा यायला हवा. १ आला तर "कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन" बघा. तिथे "एसीपीआय=ऑफ", "नोएसएमपी" किंवा "मॅक्ससीपीयूज" असं काहीतरी सापडेल. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली म्हणून कुणीतरी "एसीपीआय=ऑफ" टाकलेलं असतं आणि ते ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कायमचं बसतं. कोर किती आहेत हे कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) एसीपीआयच्या, म्हणजे मदरबोर्ड देतो त्या माहितीच्या, तक्त्यांवरून कळतं. ते तक्तेच बंद केले तर आजच्या मदरबोर्डवर एकच कोर चालू होतो. काळी स्क्रीन हा बहुधा ग्राफिक्सचा प्रश्न असतो, त्याला "नोमोडसेट" पुरतं. "/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब" फाइलमधून तो शब्द काढा, "सुडो अपडेट-ग्रब" द्या आणि मशीन रीस्टार्ट करा.

एनप्रॉकचा आकडा बरोबर असेल तर कोरचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

वाट कोण बघतंय ते मोजा

लोड ॲव्हरेज २० दिसला म्हणजे प्रोसेसर गच्च भरला असं लिनक्सवर समजायचं नाही. हा आकडा म्हणजे कामाच्या रांगेतल्या प्रक्रियांची सरासरी संख्या, पण लिनक्स त्यात डिस्कसाठी अडकलेल्या प्रक्रियाही धरतं. "टॉप" या आज्ञेच्या यादीत त्या "डी" अवस्थेत दिसतात आणि किल करूनही मरत नाहीत, कारण त्या कर्नेलच्या आत उत्तराची वाट बघत असतात. त्यामुळे लोड २० आणि प्रोसेसर ९० टक्के रिकामा, असं चित्र अगदी शक्य आहे.

टॉपमधला "डब्ल्यूए" (डिस्कची वाट बघण्यात किती टक्के वेळ गेला) हा आकडाही फसवतो. तो सगळ्या थ्रेडची सरासरी असतो. सोळा थ्रेडच्या मशीनवर एकच प्रक्रिया डिस्कपाशी पूर्ण अडकली तरी तो जेमतेम सहाच्या आसपास दाखवतो, आणि सहा टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटून माणूस पुढे जातो. टॉप चालू असताना १ दाबा म्हणजे प्रत्येक थ्रेड वेगळा दिसेल.

खरं काम "आयओस्टॅट" करतं. "सिसस्टॅट" हे पॅकेज बसवा आणि कॉपी चालू असताना "आयओस्टॅट -एक्स २" लावून ठेवा. तीन रकाने पुरेसे आहेत: सेकंदाला किती केबी लिहिले, "डब्ल्यू_अवेट" म्हणजे एका लिखाणाला किती मिलिसेकंद लागले, आणि शेवटचा "युटिल" म्हणजे डिस्क किती टक्के वेळ कामात होती.

धडधाकट ३.५ इंची डिस्क मोठी फाइल सलग लिहिताना सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास जाते. आतल्या ट्रॅकवर हा वेग साधारण निम्म्यावर येतो, तो दोष नव्हे. विखुरलेल्या छोट्या फायलींचं गणित मात्र वेगळं. ७२०० आरपीएमची तबकडी अर्धा फेरा घ्यायला ४.१७ मिलिसेकंद घेते, त्यात हेड सरकायचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवा. सेकंदाला ऐंशीच्या आसपास उड्या झाल्या. तितक्यात वीस हजार लघुप्रतिमा लिहायला लावल्या तर डिस्क रेंगाळणारच. तिथे बिघाड शोधत बसू नका, होम फोल्डर एसएसडीवर न्या आणि हार्ड डिस्कवर फक्त मोठ्या फायली ठेवा.

युटिल १०० आणि मोठी फाइल सलग जात असूनही वेग दोन-पाच एमबी, अवेट हजारांत: असं असेल तर पुढे वाचा. युटिल कमी आणि तरी मशीन अडकलेलं असेल तर "व्हीएमस्टॅट २" मध्ये "एसआय" आणि "एसओ" रकाने बघा. ते सतत हलत असतील तर रॅम संपून स्वॅप (डिस्कचाच रॅमसारखा वापर) चालू आहे. या एका बाबतीत रॅम वाढवणं हाच उपाय.

केबल, एसएमपीएस, लाइट

"सुडो जर्नलसीटीएल -के" देऊन कर्नेलचे संदेश वाचा. "एटीए३" असं काहीतरी नाव, पुढे "फेल्ड कमांड" आणि "हार्ड रिसेटिंग लिंक" दिसलं की त्याच्या आसपासचं एक अक्षरजोड शोधायचं. "आयसीआरसी" असेल तर डेटा वाटेत बिघडतोय, म्हणजे केबल किंवा कनेक्टर. "यूएनसी" असेल तर तबकडीवरचा सेक्टर (डेटाचा छोटा कप्पा) वाचता येत नाही, म्हणजे डिस्क स्वतः. हे दोन वेगळे ओळखता आले की निम्मा वाद मिटतो.

पाठोपाठ "सुडो स्मार्टसीटीएल -आय /डेव्ह/एसडीबी" द्या (एसडीबी हे डिस्कचं नाव, तुमच्याकडे वेगळं असू शकतं). साटाच्या ओळीत ६.० गिगाबिट लिहून पुढे "करंट" ३.० किंवा १.५ दिसलं तर एकतर पोर्टच जुनं आहे, नाहीतर चुका बघून कर्नेलने वेग उतरवला आहे. साटा केबल बदला, मदरबोर्डवरचं पोर्ट बदला. नवी केबल घेताना टोकाला धातूची पट्टी असलेली घ्या. पट्टी नसलेली केबल पंख्याच्या थरथरीने महिनोन् महिने किंचित सैल होत राहते. मशीन मार्केट यार्डात हळदीच्या गोदामाजवळ किंवा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात असेल तर कनेक्टर काढून, कोरड्या ब्रशने साफ करून पुन्हा बसवला तरी फरक दिसतो. महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळ्यात आणि कृष्णेच्या पुरानंतर ओल राहिलेल्या तळमजल्यांवर कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. त्या खोडरबराने पुसून चालतं, पॉलिश पेपर लावू नका.

वीज. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या लाइनवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. स्वस्त एसएमपीएसवर तीन डिस्क एकदम सुरू झाल्या की त्यातली एखादी उशिरा जागी होते किंवा चालू कामात क्षणभर गळते आणि परत येते. मोलेक्सवरून साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे कनेक्टर टाळा, ते आतून वितळल्याची उदाहरणं जगभर आहेत. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली मोठी डिस्क कॅबिनेटमध्ये लावल्यावर मुळीच फिरत नसेल, तर ती मेली असं ठरवू नका. नव्या साटा नियमात तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, आणि पुष्कळ एसएमपीएस तिथे सतत ३.३ व्होल्ट देतात. ती पिन अरुंद कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) झाकली की डिस्क फिरू लागते.

लाइट जाण्याचं काय? एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरवर मागे "नॉर्मल" आणि "यूपीएस" असं बटण असतं. ते "नॉर्मल"वर असेल तर बदल व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. "यूपीएस"वर ठेवा. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आणि ॲक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस यांचंही नेहमी जमत नाही. डिस्कला किती झटके बसले ते स्मार्टच्या (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींच्या) १९२ क्रमांकात मोजलेलं असतं. तो आकडा १२ क्रमांकाच्या म्हणजे एकूण चालू-बंदच्या जवळपास असेल तर मशीन क्वचितच नीट शटडाऊन होतंय. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीमचं जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) फोल्डरची रचना वाचवतं, लाइट जायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात लिहिलेल्या फाइलचा मजकूर वाचवेलच असं नाही.

स्मार्टचे कोणते आकडे वाचायचे

"सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी" दिल्यावर भलामोठा तक्ता येतो. त्यातल्या १ आणि ७ क्रमांकांचे अवाढव्य आकडे बघून घाबरायचं कारण नाही. सीगेटच्या डिस्कवर त्यात चुका आणि एकूण वाचनं एकत्र भरलेली असतात, त्यामुळे ते कोटींत असणं नेहमीचंच.

बघायचे ते ५, १९७, १९८ आणि १९९. पाच म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे न वाचता आलेले. १९७ शून्याच्या वर असेल तर कॉपी थांबण्याचं कारण सापडलं: डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते. घरगुती डिस्क यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घालवू शकते आणि कर्नेलची मुदत ३० सेकंदांची आहे, म्हणून मध्येच रिसेट होतो. आधी डेटा बाहेर काढा, तोही "डीडीरेस्क्यू"ने, नेहमीच्या कॉपीने नव्हे. मग "सुडो स्मार्टसीटीएल -टी लाँग /डेव्ह/एसडीबी" लावा. किती वेळ लागेल ते डिस्कच सांगते, ४ टीबीला सात-आठ तास धरा. १९९ हा केबलच्या चुकांचा आकडा. तो कधीच कमी होत नाही, त्यामुळे जुना आकडा वहीत लिहा, केबल बदला, आठवड्याने पुन्हा बघा. वाढला नसेल तर विषय संपला.

तापमान १९४ क्रमांकात असतं. एप्रिल-मे मध्ये सांगलीत खोलीच चाळिशीच्या घरात जाते, तेव्हा पंखा नसलेल्या कॅबिनेटमध्ये डिस्क सहज ५० च्या पुढे जाते. डिस्कसमोर एक १२० मिलिमीटरचा पंखा लावा.

डिस्क एसएमआर आहे का

इथवर सगळं ठीक निघालं आणि तरीही त्रास असेल तर बहुतेक वेळा उत्तर इथे असतं, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या पद्धतीच्या म्हणजे सीएमआर डिस्कवर ट्रॅक शेजारी-शेजारी पण सुटे असतात. एसएमआरमध्ये छपरावरच्या कौलांसारखा प्रत्येक ट्रॅक शेजारच्यावर थोडा चढवलेला असतो. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो, वाचायला काही अडचण नाही. पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्यावर चढलेले पुढचे सगळे पुन्हा लिहावे लागतात. हे ट्रॅक गटांत बांधलेले असतात आणि एक गट साधारण २५६ एमबीचा असतो. एका छोट्या बदलासाठी अख्खा गट वाचून परत लिहिणं परवडत नाही, म्हणून डिस्क आलेला माल आधी एका राखीव, सुट्या ट्रॅकच्या भागात टाकते आणि निवांत वेळ मिळाला की जागेवर लावते. तो राखीव भाग भरला की डिस्कला नवा माल घेता घेता जुना लावावा लागतो, आणि वेग दीडशेवरून दोन-पाच एमबीवर कोसळतो. कर्नेलला यातलं काहीच कळत नाही, तो नुसता थांबून राहतो.

यावरून तक्रारीतल्या दोन विचित्र गोष्टी उलगडतात. नवी कोरी डिस्क पहिल्या दिवशी उत्तम चालते, कारण सगळे गट रिकामे असतात आणि सलग लिहायला अडथळा नसतो; भरून, पुसून पुन्हा भरायला लागल्यावर रडगाणं सुरू होतं. आणि रात्रभर मशीन चालू ठेवलं तर सकाळी ती पुन्हा बरी असते, कारण मधल्या वेळात तिने घर आवरलेलं असतं. म्हणून एसएमआर डिस्कवर मोठी कॉपी झाल्या झाल्या मशीन बंद करू नका. तास-दोन तास तसंच राहू द्या.

ओळखायची कशी? दुकानातल्या खोक्यावर बहुधा लिहिलेलं नसतं. २०२० च्या एप्रिलमध्ये हा विषय जगभर पेटला, कारण वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि ते कुठे सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर कंपन्यांनी याद्या जाहीर केल्या आणि रेड प्लस हे नाव सीएमआरसाठी आलं. त्यामुळे डिस्कच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि कंपनीच्या यादीत ताडून बघा. "स्मार्टसीटीएल -आय" मध्ये तो क्रमांक दिसतो. घरबसल्या खूण हवी असेल तर "एलएसबीएलके --डिस्कार्ड" द्या. फिरत्या हार्ड डिस्कपुढे "डिस्क-ग्रॅन" रकान्यात शून्याऐवजी काही आकडा असेल, तर ती ट्रिम (कुठली जागा रिकामी झाली ते सांगणारी आज्ञा) समजते, आणि ट्रिम समजणारी हार्ड डिस्क म्हणजे जवळपास नक्की एसएमआर. उलट खात्री मात्र नाही, शून्य दिसलं म्हणजे सीएमआर असं नव्हे. खिशात मावणाऱ्या २.५ इंची १ टीबी आणि त्यापुढच्या डिस्क बहुतेक एसएमआरच असतात, असं धरूनच चला.

ट्रिम समजत असेल तर "सुडो एफएसट्रिम -व्ही" पुढे माउंटची जागा (डिस्क ज्या फोल्डरात उघडते ती) देऊन चालवा. पुसलेल्या फायलींची जागा रिकामी आहे हे डिस्कला कळतं आणि पुढच्या वेळी तिला तो कचरा हलवावा लागत नाही. उबुंटू-मिंटवर "एफएसट्रिम.टायमर" हे आठवड्याला आपोआप करतो, फक्त डिस्क यूएसबी डब्यात असेल तर मधला चिप बऱ्याचदा ट्रिम पुढे जाऊच देत नाही.

एसएमआर डिस्क फेकून द्यायची गरज नाही. जुने फोटो, सिनेमे, महिन्यातून एकदाचा बॅकअप याला ती चालते. होम फोल्डर, व्हर्च्युअल मशीन, डेटाबेस आणि विशेषतः अनेक डिस्क एकत्र जोडणारी रेड (आरएआयडी) अॅरे यासाठी नाही. रेडमध्ये एक डिस्क बदलून पुन्हा बांधणी लावली की लिखाण तासन् तास थांबत नाही, राखीव भाग भरतो, डिस्क उत्तर द्यायला उशीर करते आणि ती मेली समजून अॅरेतून बाहेर काढली जाते. दुकानात तोंडी हमीवर जाऊ नका, बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

कर्नेलची उधारी कमी करा

आता रॅमचा मुद्दा. फाइल कॉपी करताना लिनक्स आधी ती रॅममध्ये घेतं आणि "झालं" म्हणतं; डिस्कवर सावकाश उतरवतं. ही उधारी किती चढू द्यायची याची मर्यादा रॅमच्या टक्केवारीत असते: "व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो" १० आणि "व्हीएम.डर्टी_रेशो" २०. टक्के मोकळ्या-करता-येण्याजोग्या रॅमचे. ३२ जीबीच्या मशीनवर २८ जीबी मोकळी असेल तर उधारी साडेपाच जीबीपर्यंत चढते. डिस्क ३० एमबीने लिहीत असेल तर ती फेडायला तीन मिनिटं लागतात, आणि त्या तीन मिनिटांत ब्राउझरने आपली छोटी नोंद "आत्ता डिस्कवर टाक" म्हटलं तरी ती या ढिगाच्या मागे उभी राहते. पहिले काही जीबी झर्रकन का जातात आणि पट्टी ९९ वर का अडते, तेही हेच. पेन ड्राइव्ह काढताना "लिहिणं चालू आहे" येतं ते यामुळेच.

"/ईटीसी/सिससीटीएल.डी/" मध्ये "९०-डर्टी.कॉन्फ" नावाची फाइल करून दोन ओळी टाका:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = ६७१०८८६४
व्हीएम.डर्टी_बाइट्स = २६८४३५४५६

म्हणजे ६४ एमबी झाले की लिहायला सुरुवात, २५६ एमबीला हात आखडता. "सुडो सिससीटीएल --सिस्टीम" दिलं की लागू. बाइट्स दिले की टक्केवारीचे आकडे आपोआप शून्य होतात, ते बघून गोंधळू नका. कॉपीची पट्टी आता सुरुवातीपासून खरा वेग दाखवेल. एकूण वेळ तेवढाच लागेल, फक्त मशीन हातात राहील. याच गोष्टीसाठी कॉपीच्या "आरसिंक" आज्ञेला "--बीडब्ल्यूलिमिट=४०एम" लावणारेही आहेत, तेही चालतं.

शेड्युलर, आणि जुन्या सल्ल्यांचं काय करायचं

शेड्युलर म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या मागण्यांचा क्रम लावणारा कर्नेलचा भाग. जाळ्यावर "एलिव्हेटर=डेडलाइन" किंवा "सीएफक्यू लावा" असे सल्ले अजून फिरतात. ते सोडून द्या. अनेक कोरना एकाच रांगेत उभं करणारी जुनी रचना २०१९ च्या ५.० कर्नेलमध्ये निघून गेली, सीएफक्यूही तिच्याबरोबर गेला. आता "/सिस/ब्लॉक/एसडीबी/क्यू/शेड्युलर" फाइल वाचा, चौकटी कंसातलं नाव चालू आहे. साटा डिस्कवर बहुधा "एमक्यू-डेडलाइन" असतं, एनव्हीएमई एसएसडीवर "नन". एनव्हीएमईला हात लावू नका.

घरच्या किंवा स्टुडिओच्या मशीनवर फिरत्या डिस्कसाठी "बीएफक्यू" लावून बघा. तो छोट्या मागण्यांना मोठ्या कॉपीच्या मध्ये वाट करून देतो. "सुडो मॉडप्रोब बीएफक्यू" आणि मग "एको बीएफक्यू | सुडो टी" पुढे वरच्या फाइलचा मार्ग. पटलं तर युडेव्ह या डिव्हाइस ओळखणाऱ्या यंत्रणेच्या नियमात "रोटेशनल" १ असलेल्या डिस्कला बीएफक्यू अशी अट घालून कायम करा. बीएफक्यू असताना "आयओनाइस -सी ३" लावून चालवलेला बॅकअप खरोखर मागे राहतो. एसएमआर डिस्कचा राखीव भाग भरल्यावर मात्र कुठलाच शेड्युलर कामाला येत नाही.

विभाजनाचा प्रश्न

आजच्या डिस्कवर खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, बाहेर ५१२ चा दाखवतात. विभाजन आठच्या पटीतल्या सेक्टरवर सुरू व्हायला हवं. आताची साधनं २०४८ वर सुरू करतात, ठीक. जुन्या मशीनवरून क्लोन केलेल्या डिस्कवर ६३ दिसतं. तिथे प्रत्येक छोट्या लिखाणाला डिस्क आधी वाचते मग लिहिते. "सुडो एफडिस्क -एल" मध्ये "स्टार्ट" बघा. ६३ असेल तर डेटा काढून नव्याने विभागणी करा, आणि ती नव्या जीपीटी पद्धतीचीच. जुन्या एमबीआर पद्धतीत ४ टीबीतले २.२ टीबीच वापरता येतात.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) "/डेव्ह/एसडीबी१" असं लिहू नका. बूट होताना डिस्कांचा शोध समांतर चालतो, त्यामुळे काल एसडीबी असलेली आज एसडीए होऊ शकते. "बीएलकेआयडी"ने यूयूआयडी (विभाजनाचा कायमचा ओळख क्रमांक) काढून तो लिहा, पर्यायांत "नोफेल" घाला. नोफेल नसेल आणि डिस्कची केबल निघाली असेल तर मशीन दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडला जातं आणि घरचे म्हणतात लिनक्स उडालं.

बिघाड नसलेले आवाज

मोठी डिस्क नुकतीच ईएक्सटी४ केली आणि काहीच न करता ती तासन् तास टकटक करतेय? "सुडो आयओटॉप"मध्ये "ईएक्सटी४लेझीइनिट" दिसेल. फॉरमॅट पटकन व्हावं म्हणून काही तक्ते मागाहून लिहायचे ठेवलेले असतात, ते चालू आहे. संपू द्या. एसएमआर डिस्कवर हे टाळायचं तर फॉरमॅट करतानाच मोठ्या ई पर्यायात "लेझी_आयटेबल_इनिट=०" द्या. डेटाच्या डिस्कवर "ट्यून२एफएस -एम १" करून राखीव ५ टक्के एकावर आणा; ४ टीबीवर दीडशे जीबीहून जास्त परत मिळतात. ग्नोम डेस्कटॉपचं "ट्रॅकर" (नव्या ग्नोममध्ये "लोकलसर्च") नव्या फोटोंची अनुक्रमणिका करतानाही डिस्क हलवतं, एकदाच.

एक कोर १००, बाकी झोपलेले

हा उलटा प्रकार. युटिल कमी, पण एका थ्रेडवर १०० टक्के. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) असेल आणि टॉपमध्ये "माउंट.एनटीएफएस" वर असेल तर ते युजरस्पेसमधलं जुनं ड्रायव्हर आहे, बरंचसं एका कोरवर चालतं. ५.१५ कर्नेलपासून आत आलेलं "एनटीएफएस३" वापरता येतं. पण डिस्क विंडोजशी वाटून घ्यायची नसेल तर सरळ ईएक्सटी४ करा. वाटून घ्यायची असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर डिस्क फक्त वाचता येईल अशी उघडते.

बॅकअप "टार"ने एकत्र बांधून जीझिपने आवळत असाल तरी तेच होतं, जीझिप एकाच कोरवर चालतो. "टार" ला "-आय पिगझेड" द्या (इथला आय मोठा), किंवा "झेडएसटीडी -टी०" वापरा (इथला टी मोठा, पुढे शून्य). फोटो आणि व्हिडिओ मुळातच आवळलेले असतात, त्यांना दोन्ही लावून काही मिळत नाही. ते नुसत्या टारने किंवा आरसिंकने न्या. कोड बांधताना "मेक -जे" पुढे आकडा न देता सोडू नका, शेकडो प्रक्रिया एकदम सुटतात आणि रॅम संपून गाडी पुन्हा स्वॅपवर येते. "मेक -जे१२" पुरे, आणि प्रत्येक कामाला दोन जीबी रॅम धरून रॅम कमी पडत असेल तर आठच.